कोयासान पायी, गाइडच्या मागून

जपानमधल्या कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावात गाइड घ्यावा की नकाशा घेऊन आपलं आपण हिंडावं, असं आता मला कोणी विचारलं तर मी एका दमात सांगते: गाइड घ्या आणि चालत फिरा. देवळांच्या बऱ्याच गावांत मंदिर पाहिलं, बाग पाहिली, फोटो काढले की भागतं. इथे भागत नाही. या गावाचं जे खरं आहे ते रोजच्या कामात आहे. कुठला दिवा किती वर्षं विझू दिलेला नाही, कुणाचं ताट कुठल्या वाटेनं जातं, दगडावरची अक्षरं खालून वर वाचायची की वरून खाली, हे कोणी दाखवल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही.

माझी लेक नोकरीमुळे ओसाकात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ऑक्टोबरअखेरीस आम्ही दोघी मुक्कामाच्या तयारीने कोयासानला गेलो. "आई, दहा ठिकाणं धावत बघण्यापेक्षा एकच नीट बघू," हे तिचं म्हणणं मला पटलं होतं.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेची कोया लाइन सुटते. हाशिमोतो मागं पडलं की गाडी डोंगरात शिरते, वेग उतरतो, वळणावळणावर चाकं किरकिरतात आणि खिडकीखाली दरी दिसायला लागते. शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी. तिथून केबल कार पाच मिनिटांत 328 मीटर वर नेते. वरच्या स्टेशनपासून गावात जाणारा रस्ता फक्त बसचा आहे, त्यावरून पायी जायला मनाई आहे. तेव्हा बस धरायची आणि सेन्जुइनबाशीच्या चौकात उतरायचं. गाइडची वेळ लेकीने बरीच आधी इंटरनेटवरून ठरवली होती. इंग्रजी बोलणारे गाइड सहज मिळतात. ज्यांना ते जमत नसेल त्यांच्यासाठी चौकातल्या माहिती केंद्रात ऑडिओ गाइड भाड्याने मिळतो. मुक्कामाचं मात्र लवकर बघायला हवं. गावात 117 मंदिरं आहेत आणि त्यांतली पन्नासेक पाहुणे ठेवतात. अशा मंदिराला शुकुबो म्हणतात. मेपलची पानं लाल व्हायच्या दिवसांत ती झपाट्याने भरतात.

आमच्या गाइड साठीच्या पुढच्या बाई होत्या. सगळा संसार याच गावात झालेला. पायात जाड तळाचे बूट, मनगटावर जपमाळ, आणि चालणं असं की लेकीलाही पाय उचलावे लागत होते. पहिल्यांदा त्यांनी आम्हाला भोवतालचे डोंगर दाखवले. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटरवर, एका सपाट खोलगट जागेत आहे आणि चारी बाजूंनी आठ शिखरं आहेत. त्या शिखरांना कमळाच्या आठ पाकळ्या मानतात आणि गाव मधल्या कर्णिकेत वसलंय असं समजतात. जागा निवडली ती कूकाई या भिक्षूने. मरणोत्तर त्यांना कोबो दाइशी ही पदवी मिळाली आणि जपानभर लोक त्यांना त्याच नावाने, किंवा नुसतं 'ओ-दाइशी-सान' म्हणून ओळखतात.

कूकाईंचा जन्म 774 चा, शिकोकू बेटावरचा. 804 मध्ये ते राजदूतांच्या जहाजातून चीनला गेले. जायचं होतं वीस वर्षांसाठी, पण चांगआन या राजधानीत त्यांना हुइगुओ हे गुरू भेटले, त्यांनी काही महिन्यांतच आपली सगळी विद्या या जपानी शिष्याच्या ओंजळीत घातली आणि देह ठेवला. 806 मध्ये कूकाई परत आले. चांगआनमध्ये असतानाच ते प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले होते. 816 मध्ये सम्राट सागा यांनी त्यांना हा डोंगर दिला. शिन्गोन पंथाचं हे मूळपीठ. शिन्गोन म्हणजे मंत्रयान, आणि त्यातले मंत्र आजही संस्कृतात आहेत.

चालायला सुरुवात केली ती दान्जो गारानपासून. कूकाईंनी बांधकामाला हात घातला तो याच आवारात. मधोमध कोन्पोन दाइतो, 48.5 मीटर उंच शेंदरी स्तूप. डोंगरावर वीज पडून आणि आगी लागून इथल्या इमारती पुन्हा पुन्हा जळल्या. आत्ताचा स्तूप 1937 चा आहे. मूळ स्तूप पुरा झालेला कूकाईंनीही पाहिला नाही, तो त्यांच्या शिष्याच्या हातून पुरा झाला. बूट काढून आत गेलो. मधे दाइनिची न्योराई म्हणजे महावैरोचन, या पंथाचा मुख्य बुद्ध, भोवती चार बुद्ध, आणि 16 खांबांवर रंगवलेले 16 बोधिसत्त्व. मंडल आपण कागदावर, कापडावर बघतो. इथे त्याच्या आत उभं राहायचं असतं.

बाईंनी आम्हाला कोपऱ्यातल्या भिंतींकडे वळवलं. तिथे शिन्गोनचे आठ आद्य आचार्य रंगवलेले आहेत. त्या एकेका चित्रासमोर थांबून जपानी नावं सांगत होत्या आणि मला लेक त्यांची मूळ नावं फोनवर शोधून देत होती: नागार्जुन, वज्रबोधी, अमोघवज्र, शुभाकरसिंह. शेवटी हुइगुओ आणि कूकाई. वज्रबोधी आणि शुभाकरसिंह आठव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून चीनमध्ये पोचले, एक समुद्रमार्गे आणि दुसरे खुष्कीने. त्याच सुमाराला वेरूळला 12 क्रमांकाचं तीन ताल लेणं कोरलं जात होतं. तिथल्या भिंतीवर नऊ चौकोनांचा एक पट आहे. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. वेरूळला जाणारे आपले लोक कैलास पाहून दमतात आणि बाराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर फारसं कोणी चढत नाही. पुन्हा गेलात तर त्या पटासमोर जरूर थांबा. इथे 16 खांबांच्या मधे जे उभं केलंय त्याच कुळातलं ते आहे.

स्तूपाजवळ एक पाइनचं झाड आहे, कुंपण घातलेलं. गोष्ट अशी सांगतात की चीनहून निघताना कूकाईंनी तीन टोकांचं वज्र आकाशात फेकलं, ते इथे या झाडावर अडकलेलं सापडलं, आणि म्हणून जागा ठरली. पाइनच्या सुया इथे साधारण दोनच्या जोडीने असतात. या झाडाखाली तिन्ही एकत्र असलेली सुई मिळाली तर लोक ती पाकिटात जपून ठेवतात. मधल्या वयाची चार-पाच माणसं वाकून, अगदी शांतपणे जमीन चाळत होती. थोड्या अंतरावर सहा कोनांचं ग्रंथागार आहे. त्याला खाली लाकडी दांडे आहेत आणि ते धरून ढकललं की बुंध्याचा भाग फिरतो. एक फेरा केला की आत ठेवलेले सगळे ग्रंथ वाचल्याचं पुण्य, अशी समजूत आहे. दोघींनी मिळून ढकललं. सुरुवातीला हलत नाही, मग एकदा धरलं की धरलं.

पुढे कोंगोबुजी. हे पंथाचं मुख्यालय. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1593 मध्ये आपल्या आईसाठी इथे मंदिर बांधलं, आणि दोनच वर्षांनी त्याच्याच हुकुमाने त्याचा पुतण्या हिदेत्सुगु याने याच मंदिरात सेप्पुकु केलं, म्हणजे पोट चिरून जीव दिला. ती खोली दाखवतात, सरकत्या दारांवर विलोची झाडं रंगवलेली आहेत. मागची दगडांची बाग प्रसिद्ध आहे, शिकोकूहून आणलेले 140 ग्रॅनाइटचे दगड, ढगांतून वर येणारे दोन ड्रॅगन. मला स्वतःला तिच्यापेक्षा स्वयंपाकघर आवडलं. धुराने काळ्या झालेल्या तुळया, आणि भाताची तीन प्रचंड भांडी, ज्यांत मिळून एका वेळी सुमारे 280 किलो तांदूळ शिजत असे. इमारतीबाहेर येऊन वर पाहिलं तर छपराच्या कण्यावर लाकडी पिंपं ठेवलेली दिसतात. पावसाचं पाणी साठवायची, ठिणगी पडली तर वरच्या वर भिजवायला. छपरं सायप्रसच्या सालीची असतात, म्हणून ही काळजी.

जेवणानंतर मी एक विनंती केली होती, ती बाईंनी लगेच मानली. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 2015 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यात त्याआधीच, 2013 मध्ये, सहकार्याचा करार झाला होता. आम्ही पुतळ्यापुढे हात जोडले. बाईंनी मला विचारलं, "यांनी धर्म कुठल्या वर्षी स्वीकारला?" मी 1956 सांगितलं, नागपूर सांगितलं, किती लोक एकत्र होते ते सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि छोट्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी कोणी भारतीय पाहुणे आले तर त्यांना इकडे आणेन, म्हणाल्या.

मग ओकुनोइन. इची नो हाशी या पहिल्या पुलापासून कूकाईंच्या समाधीपर्यंत साधारण दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष म्हणजे जपानी सीडर, आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून जास्त समाध्या. पुलाच्या तोंडाशी बाईंनी टोपी काढली, हात जोडून वाकल्या आणि "नामु दाइशी हेन्जो कोंगो" म्हणाल्या. कूकाई पुलापर्यंत माणसाला घ्यायला येतात आणि निघताना पोचवायलाही येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून येताना नमस्कार, जाताना वळून नमस्कार.

या वाटेवरची बहुतेक समाधी एकाच घाटाची आहे, तिला गोरिन्तो म्हणतात. पाच दगड एकावर एक रचलेले. शेवाळाने इतके झाकलेले की कडा सापडत नाहीत. बाईंनी एका बऱ्यापैकी स्वच्छ दगडापाशी आम्हाला उकिडवं बसवलं आणि खालून बोट फिरवायला सुरुवात केली. सर्वांत खाली चौकोनी दगड, त्याच्यावर गोल, त्याच्यावर उतरत्या छपरासारखा त्रिकोणी, मग अर्धगोल, आणि टोकाला कळीसारखा निमुळता. प्रत्येकावर एकेक अक्षर कोरलेलं. लिपी सिद्धम्. आपल्या देवनागरीची ही लांबची बहीण, दोघी ब्राह्मीच्या वंशातल्या. भारतातून ती कधीच हद्दपार झाली, इथे पंथाच्या कामात रोज लिहिली जाते. बाईंचं बोट दगडावर होतं आणि मी मोठ्याने म्हणत होते: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. तोच क्रम. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या सामुराईच्या डोक्यावर पंचमहाभूतांची बीजाक्षरं, आणि ती मला कोणी न शिकवता उच्चारता येत होती. बाईंनी मला दुसऱ्या दगडावर नेलं, मग तिसऱ्या. जुन्या दगडांवर अक्षरं झिजून नुसत्या खळग्या उरल्यात, त्याही मी बोटाने चाचपून ओळखल्या. नव्या समाध्यांमागे लाकडी फळ्या उभ्या करतात, त्यांच्या वरच्या कडाही याच पाच आकारांत कातरलेल्या असतात आणि त्यांवर शाईने हीच अक्षरं काढलेली असतात. त्या फळ्या कुजतात, वाकतात, आणि वर्षश्राद्धांना पुन्हा नव्या लागतात. लिपी जिवंत राहिली ती अशा कामामुळे. ग्रंथालयात कुलूप लावून ठेवली असती तर ती पंडितांपुरती उरली असती.

इथे कोण कोण झोपलंय याची यादी ऐकली तर जपानचा सोळाव्या शतकाचा इतिहासच समोर येतो. ताकेदा शिन्गेन आणि उएसुगी केन्शिन हे जन्माचे वैरी, कावानाकाजिमाच्या मैदानावर पुन्हा पुन्हा भिडलेले. त्यांच्या समाध्या वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. त्या काळचा बलाढ्य सेनानी ओदा नोबुनागा याने 1581 मध्ये कोयासानच्या फिरत्या साधूंना पकडून मारलं, हजाराहून जास्त गेले. पुढच्याच वर्षी त्याचाच सरदार आकेची मित्सुहिदे उलटला आणि नोबुनागाचा अंत झाला. मित्सुहिदेची समाधी इथे आहे आणि नोबुनागाचीही आहे. ज्याने या डोंगरावरची माणसं मारली त्याच्यासाठीही या डोंगराने जागा केली. शिमाझु घराण्याने 1599 मध्ये एक दगड उभा केला, कोरियावरच्या स्वारीत मेलेल्या दोन्हीकडच्या सैनिकांसाठी. आपले आणि शत्रूचे, एकाच दगडाखाली. चारशे वर्षांपूर्वी जिंकायला गेलेल्या सैन्याच्या सेनापतीने असं करावं, ही मला या सगळ्या वाटेवरची सर्वांत मोठी गोष्ट वाटली आणि तिच्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

सर्वांत उंच गोरिन्तो 6.6 मीटरची आहे. ती एका बाईची. शोगुन म्हणजे लष्करी राज्यकर्ता तोकुगावा हिदेतादा याची पत्नी सूगेन-इन, तिच्या मुलाने उभारलेली. ही उंची लक्षात ठेवा, कारण स्त्रियांचा विषय पुढे येतो.

नाका नो हाशीनंतर नवा रस्ता येऊन मिळतो, त्यावर कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी उभारलेली स्मारकं आहेत. त्यांत एक रॉकेटच्या आकाराचं आहे, आणि मारल्या गेलेल्या वाळव्यांसाठी वाळवी-नियंत्रणवाल्यांनी ठेवलेलंही एक आहे. त्यावरून लोक गंमत करतात. मला त्यात गंमत वाटली नाही. पोटासाठी जीव मारावे लागतात, तर वर्षातून एकदा तरी येऊन त्यांच्यापुढे उभं राहावं, हा विचार सरळ आहे.

समाधीच्या अलीकडे एका लाकडी पिंजऱ्यात मिरोकु म्हणजे मैत्रेयाचा दगड आहे. भोकातून एकच हात आत घालायचा आणि दगड खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवायचा. ज्याची पापं जास्त त्याला तो जड लागतो म्हणतात. लेकीने पुरता उचलला. माझ्याने फळीच्या कडेला टेकला आणि परत खाली आला. मैत्रेय येईल तेव्हा त्याच्याबरोबर कूकाईही उठतील असा विश्वास आहे, आणि त्या घडीला जवळ असावं म्हणून तर दोन लाख लोक या वाटेवर येऊन निजलेत.

शेवटचा पूल गोब्योबाशी. त्याच्या 36 फळ्या आणि सबंध पूल मिळून 37, वज्रधातु मंडलातल्या 37 देवतांएवढे. इथून पुढे फोटो नाही, खाणं-पिणं नाही, डोकं उघडं ठेवायचं, आवाज खाली. खालच्या तामागावा ओढ्यात पाण्यातच फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. पाण्यात गेलेल्यांसाठी आणि जन्माला न आलेल्या बाळांसाठी. पलीकडे तोरोदो, दिव्यांचा मंडप. छतापर्यंत दहा हजारांहून जास्त दिवे. त्यांतले दोन जवळजवळ हजार वर्षं तेवत ठेवलेले आहेत, एक माजी सम्राट शिराकावा यांचा. ओतेरु नावाच्या गरीब मुलीची गोष्टही इथलीच. आईवडिलांच्या नावे दिवा लावायला तिने केस विकले. वारा आला, श्रीमंताचे हजारो दिवे गेले, तिचा राहिला. मंडपाच्या मागे गेलं की समोर कुंपण, झाडं, आणि त्यापलीकडे समाधी. लोक मेणबत्ती लावतात, उदबत्ती लावतात, उभ्याने मंत्र म्हणतात.

संध्याकाळी शुकुबोत गरम पाण्याच्या टबात पाय मोकळे केले आणि साडेपाचला जेवायला बसलो. शोजिन ऱ्योरी, मठाचं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. जपानमध्ये शाकाहारी माणसाला मासळीच्या रस्सा-पाण्याने फार छळ होतो, तो इथे सुटतो. लाखेच्या ठेंगण्या पाटांवर छोट्या वाट्या मांडलेल्या. कोया-दोफु हा इथलाच पदार्थ, हिवाळ्यात बाहेर गोठवून मग सुकवलेला टोफू. रस्सा इतका पितो की चावला की तोंडात सांडतो. पण खरी चव गोमादोफुची. तीळ वाटून, गाळून, कुझुच्या कंदाच्या पिठाबरोबर एकसारखे ढवळत आटवायचे आणि थापायचे. वर वासाबीचा ठिपका. हाताला लुसलुशीत, तोंडात आधी काहीच नाही, मग हळूहळू तिळाचा खोल स्वाद वर येतो. संक्रांतीला तीळ भाजणाऱ्या घरातली मी, पण तिळाला असंही करता येतं हे पहिल्यांदा कळलं.

पहाटे सहाला मंदिराची प्रार्थना. अंधारात सोनेरी दिवे, थंडी अशी की श्वास दिसत होता. भिक्षू एका लयीत म्हणत होते आणि मी डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ काही लागेना. मग "ओन् आबोक्या बेइरोशानो" एवढं कानात आलं आणि एकदम उलगडलं: ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणिपद्म ज्वाल प्रवर्तय हूँ. उच्चार जपानी वळणाचे झालेत, मंत्र अख्खा शाबूत आहे. नंतर त्यांनी होम केला, ज्याला ते गोमा म्हणतात. लाकडाच्या काटक्या रचून, तूप नाही पण तेल घालून, मंत्र म्हणत एकेक समिधा.

बाई साडेदहाच्या आधी आम्हाला पुन्हा ओकुनोइनला घेऊन गेल्या. हे वेळेवरच पोचायचं असतं. कूकाई 835 मध्ये समाधीत बसले. ते गेले असं इथे कोणी म्हणत नाही. ते आत ध्यानस्थ आहेत आणि म्हणून त्यांना रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. वर्षातून एकदा नवी वस्त्रंही अर्पण करतात. पाकशाळेचं दार उघडलं. पांढऱ्या लाकडाची पेटी खांद्यावर घेतलेले दोन भिक्षू बाहेर आले, पुढे एक वडीलधारे. चाखणाऱ्या जिझो या बोधिसत्त्वाच्या छोट्या देवळापाशी ते थांबले, तिथे आधी नैवेद्य दाखवायचा, मग पूल ओलांडायचा. पायांत लाकडी खडावा, दगडावर एकसारखा टक टक आवाज. आत जायचा मान एकाच भिक्षूचा असतो आणि आत काय पाहिलं हे तो कुणालाही सांगत नाही.

बाईंना वाटत होतं की आम्हा परदेशी पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागेल. त्या शब्द शोधत होत्या. मी त्यांना आळंदीबद्दल सांगितलं. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी इंद्रायणीकाठी संजीवन समाधी घेतली, माउली गेले असं आम्ही म्हणत नाही, पहाटे काकडा होतो, दुपारी नैवेद्य दाखवतात. "रोज?" त्यांनी विचारलं. "रोज," मी म्हटलं. त्या थांबून लेकीला म्हणाल्या, तुमच्या आईंना मी काय शिकवणार! तसं काही नव्हतं. पण त्यानंतर आमच्यात काही समजावणं राहिलं नाही, गप्पा झाल्या. पौषात आळंदीत गर्दी असते का, स्वयंपाक कोण करतं, सगळं त्यांनी विचारलं.

उरलेला वेळ न्योनिन्दो म्हणजे स्त्रियांच्या देवळासाठी ठेवला होता, आणि तो ठेवा असं मी प्रत्येक बाईला सांगेन. 1872 पर्यंत या गावात स्त्रियांना यायला बंदी होती. सरकारने तेव्हा ती उठवली, प्रत्यक्षात डोंगरावर मोकळेपणाने राहायला आणखी बरीच वर्षं गेली. गावात यायच्या सात वाटा होत्या, प्रत्येकीच्या तोंडाशी स्त्रियांसाठी एक देऊळ. बायका तिथवर यायच्या, रात्र काढायच्या. सातांतलं हे एकच उरलंय. आत दाइनिची न्योराई, आणि शेजारी बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. देवळाच्या मागून कड्याकड्याने वाट जाते. बायका या वाटेने गावाला बाहेरून वळसा घालत आणि जिथे झाडं विरळ होतील तिथे थांबून, मान उंच करून गारानची टोकं बघत. आम्ही त्या वाटेचा एक तुकडा चाललो, बेन्तेनदाके या 984 मीटरच्या शिखरावरून दाइमोनपर्यंत. वर सरस्वतीचं छोटं देऊळ आहे. झाडांच्या फटीतून शेंदरी स्तूप दिसला, ज्याच्या आत आम्ही आदल्या दिवशी बूट काढून निवांत उभ्या होतो. मी लेकीचा हात धरला. सूगेन-इनची 6.6 मीटरची समाधी आत, आणि तिच्यानंतर अडीचशे वर्षं जिवंत बाई मात्र या कड्यावर. हे मला अजून पचलेलं नाही. बाईही म्हणाल्या की या वाटेवर पाहुण्यांना आणताना त्या जास्त बोलत नाहीत.

तोरीई म्हणजे देवळापुढच्या कमानी, त्यांच्या रांगेतून उतरलो की दाइमोन, 25 मीटर उंचीचं महाद्वार, 1705 चं. पायी येणारे यात्रेकरू इथून आत शिरतात. त्यांची वाट खाली कुदोयामाच्या जिसोन-इन या देवळापासून निघते, सुमारे 20 किलोमीटर, आणि दर 109 मीटरला एक गोरिन्तोच्या घाटाचा खूणदगड, गारानपर्यंत एकूण 180. बाईंचा निरोप इथेच घेतला. त्यांनी सांगितलं म्हणून परतीच्या गाडीतून आम्ही कुदोयामाला उतरलो आणि जिसोन-इनपर्यंत चालत गेलो. कूकाईंची आई लेकाला भेटायला शिकोकूहून आली, ती या देवळात राहिली. वर तिलाही परवानगी नव्हती. तो महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा, कुदोयामा या नावातले नऊ ते हेच, असं म्हणतात. आज तिथे बायका सुखरूप बाळंतपणासाठी आणि स्तनांच्या दुखण्यासाठी नवस बोलायला येतात, कापडाचे स्तन शिवून लाकडी पाट्यांवर चिकटवून टांगतात. शेकडो पाट्या आहेत, काहींवरचं कापड अगदी नवं होतं.

देवळामागच्या पायऱ्यांच्या कडेला 180 क्रमांकाचा दगड उभा आहे. पुढच्या वेळी इथून पायी वर जायचं आम्ही नक्की केलंय. लेकीने मे महिन्यातली सुट्टी बघून ठेवली आहे आणि मी तोवर रोज पर्वती चढते आहे.